तारीख

गड्डमअण्णांची थ्री-एटी-सिक्स
दर एप्रिलात येते माझ्याकडे, कन्ना चौकात,
रिक्षातून, फाटक्या चादरीत गुंडाळलेली.
स्क्रू काढते. आत सुताची भुसी,
वाळलेली पाल, आणि बॅटरीपाशी
मोरचुदासारखं हिरवं पसरलेलं.

व्हिनेगर. जुना टूथब्रश. मग स्पिरिट.
तांब्याची एक वाट पार खाल्ली गेलीय,
तिथे केसाएवढी तार जोडते
श्वास धरून, पंखा बंद करून.
त्रेचाळीस डिग्रीत पंखा बंद केल्याचे
बिलात काय लावू?

"नवा घ्या की, अण्णा."
"नव्यात हे कार्ड बसतंय काय?"
नाही बसत.
जकार्डचा मोर फक्त हिलाच येतो.

वडील पुठ्ठ्यांना भोकं पाडायचे.
एक चुकलं की मोर आंधळा,
आणि त्या दिवशी घरी कुणी बोलायचं नाही.
पुठ्ठे अजून माळ्यावर आहेत.
वाळवीनं त्यात आपली नक्षी काढलीय,
ती कुठल्या मागावर लागते कोण जाणे.

बटण दाबते. पंखा खोकतो,
मेमरी मोजत मोजत वर चढते, अडखळते, चढते.
एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी, म्हणते ती.
"माझं लग्न व्हायचं होतं गं तेव्हा," अण्णा म्हणतात,
"राहू दे की तसंच."

मी आजची तारीख टाकते.
तेवढ्यात वीज जाते.

अर्ध्या शटरखालच्या उजेडात
अण्णा डबा उघडतात, कडक भाकरी, शेंगाचटणी.
नवी बॅटरी वेळ धरते का,
ते आता वीज आल्यावर कळेल.