शब्दयोगी

कॉरिसच्या डोंगरातून पाटीचा दगड निळा निघतो,
ओला असला की जांभळा.
मेरेरिदच्या शेडमध्ये तसा एक भिंतीला टेकून उभा होता.
वर नाव कोरून झालेलं : हेस्टर.
खाली एका ओळीपुरती जागा.

इद्वालने कोटाच्या खिशातून बसचं तिकीट काढलं,
मागे पेन्सिलीने लिहिलेलं :
टॅरी. मग थोडं कोरं. मग मी,
जो त्यांच्याकडे 'मला' असतो.

'जुना शब्द आहे.'
'तिचाच.'
बुटाची नाडी बांधताना, किल्ली शोधताना
हेस्टर 'वेट' कधी म्हणालीच नाही.
लिंकनशरची मास्तरीण,
आजीच्या कपाटातला वाटावा असा शब्द
रोज वापरायला काढायची.

'मधे काय घालू?' मेरेरिदने विचारलं.
'विथ घातलंस तर ती इथे, तुझ्याजवळ.
फॉर घातलंस तर तिकडे, तुझी वाट बघत.
अक्षराला नऊ पौंड.
विथ एका अक्षराने महाग.'

इद्वालच्या वेल्शमध्ये हे असं सुटं पडत नाही.
अम्दानाव : एकच शब्द,
त्यात 'साठी'ही आला आणि मीही,
आपल्या 'माझ्यासाठी'सारखा,
सांधा शोधावा लागेल असा.
शिवाय त्यातल्या 'अम'चा
दुसरा अर्थ भोवती.

म्हणून बेचाळीस वर्षं तो म्हणत आला,
'टॅरी अबाउट मी,'
आणि बेचाळीस वर्षं ती,
'फॉर, इद्वाल, फॉर!
मी काय कुंपण आहे
तुझ्याभोवती थांबायला?'

शेवटच्या मंगळवारी, दवाखान्यात,
तो तेच म्हणाला. तीच चूक.
मुद्दाम केली का, त्याचं त्यालाही सांगता येणार नाही.
तिला आवाज उरला नव्हता.
पण खालचा ओठ वरच्या दातांखाली गेला
आणि तिथेच राहिला.
विथला ओठ असा जात नाही.

'फॉर,' तो म्हणाला.
मेरेरिदने खडूने रेघ ओढली.
सत्तावीस पौंड त्याने तिथेच मोजून दिले,
नाणी धरून.

बाहेर पाऊस नव्हता, नुसती ओल.
मोट साखळी ओढत पुढे निघाला, थांब्याच्याही पुढे.
'टॅरी अबाउट मी,' इद्वालने हाक दिली, सवयीने.
कुत्रा वळला.
त्याच्या पायांभोवती एक फेरी,
साखळीसकट दुसरी,
आणि बसला.

बस आली. दार उघडलं.
'येतोस ना?' ड्रायव्हरने विचारलं.
इद्वाल साखळीच्या वेढ्यात तसाच उभा,
मान जराशी डावीकडे,
ती ज्या बाजूने चालायची तिकडे.