तिसरा खांब

नर्सबाईंनी साखरेचा आकडा लिहिला,
खाली दोन रेघा मारल्या.
गोळ्यांचं नंतर बघू, म्हणाल्या, आधी चाला.

हडर्सफील्डमध्ये चालायचं म्हणजे चढायचं.
दुकान खाली, घर वर.
दुधाची बाटली चढावर
गाईएवढी जड होते.

पहिल्या दिवशी दिव्याचा तिसरा खांब
धरून उभी राहिले, छातीचा भाता झालेला.
समोरच्या खिडकीतून ओल्डरॉइड आजोबांनी
पडदा सारून हात केला.
मीही केला, धाप लपवायला.

मग थंडी. फुटपाथवर मिठाचे खडे,
गुडघ्यांची कुरकुर.
गाडी दारातच; आरशाला कोळ्याचं जाळं,
काचेच्या रबरावर शेवाळ.

मार्चात आकडा उतरला.
नर्सबाईंनी रेघ मारली नाही.
सलवारीची नाडी वीतभर जास्त लोंबते आता,
आणि चढ चढता चढता
मी फोनवर बहिणीशी भांडूही शकते.

तरी तिसऱ्या खांबाशी थांबते,
सवयीनं.
तीन दिवस झाले, पडदा हललेला नाही.
गाडीत असते तर
कळलंही नसतं.

पिशवी खाली ठेवते.
रस्ता ओलांडते.