खवळां

मुहर्रकच्या किनाऱ्यावर एक मासा उभा आहे,
शेपूट पाण्यात, तोंड विमानतळाकडे.
सेहेचाळीस मीटर. काच, ॲल्युमिनियम,
आणि अंगभर नऊ हजार सहाशे खवले.
प्रत्येकावर एक निळा ठिपका,
कारण इथल्या शेरी माशाला तो असतो
असं उद्घाटनाच्या पत्रकात छापलं होतं.
पोटात बोटींचा धक्का, तिकीटघर, कॉफी.

मी दोरावरचा माणूस.
गेटपासवर प्रल्हाद खवळे, मुक्काम तारामुंबरी.
आमच्याकडे खवल्यांना खवळां म्हणतात
हे मी कुंजुमोन सुपरवायझरला सांगितलं
तेव्हा तो आठ महिन्यांत पहिल्यांदा हसला,
आणि त्या दिवसापासून
सुटलेला प्रत्येक खवला माझ्या नावावर.

मार्चात शमाल सुटला.
तीन दिवस आकाश बेसनासारखं.
चौथ्या दिवशी सात-एकशेचौदा जागेवर नव्हता.

मासा कसा साफ करतात ते मला कुणी शिकवलं नाही,
आईच्या हाताखाली उभं राहिलो, एवढंच.
शेपूट चिमटीत, सुरी उलटी,
मागून पुढे, मागून पुढे,
खवळां उडून तिच्या पदरावर, माझ्या पापणीवर.
इथेही तसंच. खालून वर जायचं,
वरचा उचलल्याशिवाय खालचा सुटत नाही,
मंगलोरी कौलांसारखं.

उचलला.
आत मांस नव्हतं.
काचलोकर, वायरी, घामेजलेला एक पाइप,
आणि साळुंकीने जमवलेला संसार:
तिकिटाचा तुकडा, चार काड्या, केसांचं रबर.

खाली दगडांवर बू दऊद गळ टाकून बसतो.
इथेच त्याच्या बापाची हद्रा होती,
ओहोटीच्या चिखलात खजुराच्या फांद्या रोवून केलेलं कुंपण.
भरती मासे आत सोडायची,
ओहोटी ते मोजून द्यायची.
मग भराव आला, मग नकाशा, मग मी.
तो मोडक्या हिंदीत ओरडून विचारतो,
“ए खवळे, शेरी के पीठ का दस काँटा किधर गया?”
मी कुंजुमोनला विचारलं.
काटे नकाशात होते म्हणे,
बजेटात गेले.
बू दऊद थुंकला, पण समुद्रात नाही, बाजूला वळून.
“काँटा नहीं तो मछली नहीं. दुकान है.”

रात्री आईचा फोन.
“केदो मोठो रे तो मासो?”
सेहेचाळीस मीटर.
ती गप्प. मनात पाटी मांडत असावी.
“कापूक कितके दिस लागतले?”
कापायचा नाही गे, धुवायचा.
“धुवन काय करतत?”
मला सांगता येईना.
“बरा, गाबोळी आसा काय त्येच्यात?”

दुसऱ्या दिवशी उशीर झाला.
नवा खवला बसवला, स्क्रू आवळले,
शेवटची बोट चुकलेली माणसं आत थांबली होती,
बत्त्या लागल्या,
आणि दोरावर लटकून, काचेला नाक लावून मी पाहिलं:
पिवळ्या उजेडात दाटीवाटीने माणसं,
पिशव्यांवर टेकलेली, एकमेकांना चिकटून झोपलेली,
एक बाई मुलाला भरवतेय,
एक म्हातारा बूट काढून पाय चोळतोय,
सगळी जिवंत, सगळी
कुठे ना कुठे पोचायची बाकी.

फोन काढला. हात ओला होता, नंबर लागेना.

खाली उतरलो तर बू दऊद गेलेला.
दगडावर पिशवीत एक शेरी ठेवलेली,
हातभर, दहाही काटे शाबूत.
खोलीवर सिंकमध्ये शेपूट धरली आणि उलटी सुरी लावली.
पहिलाच काटा अंगठ्यात गेला.
रक्त आलं, तसा मीच हसलो,
आणि हसता हसता लागला फोन.

“आसा,” म्हटलं. “भरपूर आसा.”