नेलपॉलिशचा ठिपका

एस्पानोलात ऑक्टोबर म्हणजे मिरच्या भाजल्याचा वास,
गॅरेजचं दार अर्धं वर,
आत आजोबांची एकोणऐंशी सालची माँटे कार्लो,
डिकी उघडी,
दंतवैद्यापुढे बसल्यासारखी.

माझं काम टॉर्च धरणं.
"हलवू नकोस, निन्फा," दर मिनिटाला देल्फिनो.
मी हलवत नव्हते. थंडी हलवत होती.

बारा इंची सबवूफर त्याने चिमायोच्या कुणाकडून तरी आणलेला,
चाळीस डॉलर आणि एक सायकल देऊन.
सायकल माझी होती.
इथे सांगायची गरज नाही, तरी सांगते.

एकाच नळीवर दोन वेटोळी,
चार टोकं, चार चिमटे.
आजोबा चाळीस वर्षं विजेच्या खांबांवर चढलेले,
डाव्या हाताची दोन बोटं
तिकडेच कुठल्या तरी खांबावर ठेवून आलेले.
उरलेल्या तिघांनी त्यांनी मीटरची सुई टेकवली.
तीन पूर्णांक सहा.
दुसऱ्या वेटोळ्यावर तीन पूर्णांक सात.

"म्हणजे चार-चार ओहम," देल्फिनो पाठ केल्यासारखा.
"एकामागे एक जोडली तर आठ,
शेजारी-शेजारी जोडली तर दोन.
आपल्या अ‍ॅम्पला दोन पेलतं.
त्याच्याखाली गेलं तर जळेल."
मी अकरा वर्षांची, मला ते उलटंच वाटलं:
अडवणारं कमी झालं
की जीव जास्त दमतो?
आता नाही वाटत उलटं.

लाल ठिपक्याला लाल ठिपका,
काळ्याला काळा,
तिथून दोन जाड वायरी अ‍ॅम्पकडे.
शेवटी बॅटरीचा चिमटा, पान्याची एक ठिणगी,
आणि अ‍ॅम्पवर निळा दिवा.
देल्फिनोने आवाज वाढवला.
अजून वाढवला.
पुढचे छोटे स्पीकर बिचारे किणकिणत राहिले,
मागे खोक्यात काही नाही.
फक्त अ‍ॅम्पची पाठ
तापलेल्या पोरासारखी, हात लावला की कळावी.

देल्फिनोने एक शिवी दिली.
आजोबांना ती बरोबर ऐकू आली नाही.

मग ते स्वयंपाकघरात गेले,
भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून आणला
(आमच्याकडे पुढे दोन दिवस सव्वासात वाजलेले होते),
सगळ्या वायरी सोडवल्या
आणि एका वेटोळ्याला सेल टेकवला.
काळा पडदा किंचित बाहेर आला,
श्वास घेतल्यासारखा.
दुसऱ्याला टेकवला.
पडदा आत गेला.

"टॉर्च इकडे," आजोबा म्हणाले. मला, पहिल्यांदाच.
चिमट्याजवळचा लाल ठिपका
कंपनीचा नव्हताच.
मूळचा रंग कधीच उडालेला,
कुणीतरी अंदाजाने नेलपॉलिश लावलेलं,
चुकीच्या बाजूला,
चकाकी असलेलं.

"दोन्ही शाबूत आहेत," आजोबा म्हणाले.
"जोरही सारखाच.
एक बाहेर ढकलतंय, एक आत ओढतंय.
म्हणून आवाज नाही. नुसती तापतात."

आतून आईचा आवाज येत होता, फोनवर,
फार्मिंग्टनला, बाबांशी.
हळू, म्हणजे भांडण.
देल्फिनो वायरीचं टोक सोलत राहिला,
सोलून झालेलं टोक.

मग त्याने दोन वायरींची अदलाबदल केली.
एवढंच.
स्क्रूचे आठ-दहा वेढे.

आवाज आधी ऐकू आलाच नाही.
आधी छतावरचा टॉर्चचा गोल थरथरला,
मग खिळ्यांची बरणी फळीवर चार बोटं सरकली,
माझ्या पोटात काहीतरी जड बसलं, उठलं, परत बसलं,
आणि शेजारच्या आबेय्तांचा कुत्रा
भुंकायचं विसरला.

आई दारात आली, फोन कानाला.
आता ओरडणार.
ती थोडा वेळ उभी राहिली,
मग फोन कानापासून काढून
डिकीच्या दिशेने धरला,
हात लांब करून,
बराच वेळ.

नंबरप्लेट मात्र खडखडत होती.
आजोबांनी काडेपेटीचा पुठ्ठा दुमडून
तिच्यामागे खुपसला.
"टॉर्च," देल्फिनो म्हणाला.
मी धरूनच होते.