पट्टी

फत्तेगंजात, शांतवनमामाच्या ओट्यावर
प्रार्थनेनंतरचा चहा.
चाळीस वर्षं रावपुऱ्यातल्या छापखान्यात
मुद्रितं तपासलेला माणूस
अजून ओळीखाली लाकडी पट्टी धरूनच शास्त्र वाचतो.
एका सकाळी चार ओळी. कधी तेवढ्याही नाहीत.

मी म्हटलं, ही गोष्ट मला पाठ आहे :
धाकटा सगळं उधळून परततो, बाप धावतो,
वासरू कापतात, थोरला रुसून बसतो,
बाप समजावतो, आणि तो आत येतो.

“आत येतो? दाखव.”

पट्टी सरकवली. वर नेली, पुन्हा सरकवली.
बाप अंगणात बोलतोय,
घरात गाणं-बजावणं चाललंय,
आणि अध्याय संपला.
थोरला बाहेरच.

तीस वर्षं मी त्याला
परस्पर पंगतीत नेऊन बसवला होता.

“गाळलेलं सापडतं रे,” मामा म्हणाला,
“आपण घातलेलं दिसत नाही.”
आणि बशीत चहा ओतला.

परतताना काळ्या घोड्यापाशी
सिग्नल लाल.
मांजलपुरात धाकट्यानं घर बांधलं,
तेव्हा घरभरणीच्या प्रार्थनेला
मीही गेलो होतो,
फाटकापर्यंत.
स्कूटर बंद न करता.