फेस वगळून

जुन्या कोर्टासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे सीपीआर.
डॉक्टर मगदूम साक्षीला चालतच यायचे,
काखेत फाईल, बाहीला स्पिरिटचा वास,
शपथ घेताना नजर माझ्यावर नाही, पंख्यावर.

छत्तीस वर्षं मी जाणकारांना उलटं तपासलं.
पुण्याहून आलेला रसायनवाला :
बरणीचं सील शाबूत होतं, म्हणाला.
लाखेचा रंग? आणि तो तिथंच घसरला.
अक्षरतज्ज्ञ, ज्याला मी त्याचीच जुनी सही दाखवली
आणि त्यानं ती बनावट ठरवली.
रक्त : मानवी. गट : अनिर्णीत.
त्या एका 'अनिर्णीत'वर
माझ्या घराचा दुसरा मजला उभा आहे.

प्रेत मी कधी पाहिलं नाही. त्याची कार्बन प्रत पाहिली.
निळ्या अक्षरात काळीज, निळ्या अक्षरात फुप्फुस,
जठरात अर्धवट पचलेली भाकरी, मेथी.
किती तासांत पचते, डॉक्टर?
माणसामाणसावर असतं.
म्हणजे नक्की सांगता येत नाही? हो की नाही, तेवढंच.
...नाही.

अठ्ठ्याऐंशी साली हौसाक्काची केस.
नवरा गुळव्या, वडणग्याच्या वाटेवरच्या गुऱ्हाळात.
तिच्या गळ्यावर वळ.
वर कानाकडं चढत गेलेला असेल, तर तिचं तिनं.
आडवा असेल, तर दुसऱ्या कुणी.
मगदूमांनी लिहिलेलं एवढंच : वळ आहे.

लांबी?
मोजली नाही.
रुंदी?
नाही.
टेप होती का खोलीत?
त्या दिवशी नव्हती.
मग मोजलंत कशानं?
'डोळ्यानं.'
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.
मी हसलो नाही. खाली बसलो.
पुढचा प्रश्न न विचारण्याचेच पैसे असतात.

गुळव्या सुटला.
फडक्यात बांधून ढेप घेऊन आला, पाच किलोची.
आम्ही ती दिवाळीपर्यंत पुरवली.

त्यानंतर मगदूमांच्या खिशात शिंप्याची टेप,
पिवळी, टोकाला पितळेची पट्टी.
वळ : सव्वीस सेंटीमीटर. हनुवटीखाली पाच.
डाव्या कानामागे अस्पष्ट. कडा खरचटलेल्या.
दरवर्षी मला शिरायला एक फट कमी.
दोन हजार सहाच्या मार्चात एका दुपारी
माझे अकरा प्रश्न त्यांनी अकरा उत्तरांनी लिंपून टाकले.
आरोपीला जन्मठेप लागली, त्याची आई जिन्यात बसून राहिली,
आणि मला, खोटं कशाला बोलू,
पाठीला लागलेली माती झटकावीशी वाटेना.

आता कोर्ट कसबा बावड्याला.
डॉक्टर निवृत्त, मीही तारखांपुरता.
परवा गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर
एक पोरगं म्हशीखाली बसून लोट्यात धार सोडत होतं.
शेजारी मगदूम. मिशीला फेस.

'वकीलसाहेब, एक विचारू?
हो की नाही, तेवढंच सांगायचं.'
विचारा.
'वळ आडवा होता. तुम्हाला ठाऊक होतं.'

सूचक प्रश्न. उलटतपासात चालतो.

म्हशीनं शेपूट मारली, पोरानं तिला शिवी हासडली.
हातातला पेला तिच्या अंगाइतका गरम.
गुळव्या आला होता माझ्याकडं पहिल्या रात्री,
हाताला काकवीचे चट्टे. त्यानं काय सांगितलं
ते वकील आणि पक्षकार यांच्यातलं आहे.

मी म्हणालो,
'इतक्या वर्षांनी आता आठवत नाही.'

शेकडो माणसांच्या तोंडून काढलेलं वाक्य.
माझ्या तोंडात ते पहिल्यांदाच आलं,
दुधाबरोबर.

मगदूमांनी मान हलवली, टिपून घेतल्यासारखी.
मग पोराकडं वळून म्हणाले,
'फेस बसू दे रे आधी. मग माप.'