फळीवरच्या घड्या

गेल्या मोसमात एकावन्न गोल खाल्ले आम्ही.
वरच्या मजल्यावर कोच हिशेब मांडून बसलाय,
पडद्यावर बाण, वर्तुळं, लाल ठिपके.
मी तळघरात, दोन मशीनं आणि एक फळी घेऊन.
बचावफळी म्हणतात ना, माझी ती खरीच आहे,
पाइनच्या लाकडाची, भिंतीला ठोकलेली.
दोन, तीन, चार, पाच:
या नंबरांच्या जर्सी तिच्यावर घडी घालून ठेवते.
बाविसावं वर्ष.

चिखलावरून कळतं.
पाठीवर असेल तर गडी हेडरला उडाला नि पडला,
छातीवर असेल तर उशिरा पोचला.
मांडीवर गवताचा हिरवा पट्टा म्हणजे घसरून चेंडू काढला,
तो डाग व्हिनेगरनेही जात नाही,
आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.
स्वच्छ चड्डीचं मात्र अवघड.
एक तर तो हवा तिथेच उभा होता
किंवा कुठेच नव्हता.

दोन नंबर, त्सेझारी: स्वच्छ.
जिना चढून बघून आले.
कुठेच नव्हता.

पाच नंबर जॉर्जियाचा, वाख्तांग.
त्याच्या जर्सीला काही होत नाही,
आमच्याच नऊ नंबरची बाही मात्र
या आठवड्यात दोनदा शिवली मी.
पंच बघेल तेव्हा बघेल.

चार नंबर, कॅप्टन इरेनेउश, पस्तिशी ओलांडलेला.
सगळी भिस्त त्याच्यावर,
तो आहे तोवर खिंड लढेल म्हणतात.
मंगळवारी त्याच्या उजव्या मोज्यात
गुंडाळलेली गुडघ्याची पट्टी निघाली.
कापराचा वास. पट्टी दुकानातली,
डॉक्टरांच्या कपाटातली नव्हे.
पाणी कुठे मुरतंय ते कळलं.
वेगळी धुतली, हाताने,
आणि चार नंबरच्या घडीत आत सारली.
त्यानं विचारलं नाही, मीही नाही.
बुधवारी मशीनवर चॉकलेटची वडी होती.

राहिला तीन नंबर.
ओक्ताव्यान, एकोणीस वर्षांचा,
जुना डावा बॅक विकला म्हणून आणलेला.
चेंडू त्याच्या पायातून निसटतो, कोपऱ्याकडे पळतो,
आणि कोच म्हणतो, पोराचं लक्ष नाही.
पडद्यावरचं मैदान सपाट असतं.
आमचं त्या झेंड्यापाशी वीतभर खचलंय.
सिलेशियातली निम्मी गावं अशीच कलंडलेली,
खालचा कोळसा काढून घेतला, पोकळी राहिली.
सहाशे मीटर खाली ती पोकळी करणाऱ्यांत
माझा नवरा होता, गेरार्ड.
सतरा वर्षं, बहुतेक रात्रपाळी.
त्या बाजूने गोल झाला की अख्खं स्टेडियम
डाव्या बॅकच्या आईचा उद्धार करतं,
आणि मी इथे मोज्यांच्या जोड्या लावत
मनात म्हणते, भगदाड आमच्या घरचं आहे.
त्यातूनच फ्रिज आला, मुलीचा अकॉर्डियन आला,
गेरार्डचा खोकलाही.

काल पोरगा खाली आला, जर्सीचं नाव उसवलं म्हणून.
शिवून दिलं, मग म्हटलं, चल.
मैदानावर कुणी नव्हतं, स्प्रिंकलर तेवढे फिरत होते.
झेंड्याच्या अलीकडे चेंडू ठेवला.
तो जरा थांबला,
मग निघाला, कुणी हाक मारल्यासारखा.
पोरगा गुडघ्यावर बसला, तळहाताने जमीन चाचपली.
किती खोल आहे, विचारलं त्यानं.
तुला वीतभर, म्हटलं मी.

आज तीन नंबरची जर्सी आली:
उजव्या खांद्यावर चिखल,
कोपरावर चुन्याची पांढरी रेघ.
भिजत घालायच्या आधी थोडा वेळ नुसती बघितली.

शनिवारी पहिला सामना.
चार नंबर नोव्हेंबरपर्यंत टिकेल,
थंडी उशिरा पडली तर डिसेंबर.
दोन नंबरचं वर त्यांनाच कळेल कधीतरी.
दुसरं मशीन खालून गळतंय,
तेवढंच मी लिहून पाठवलंय.